भाजीची फळी, कडेपासून वीतभर आत

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बायकोला दोन गोष्टी सांगितल्या. रोज चालायचं. आणि जमिनीवर बसायचं नाही, आता कधीच नाही. पहिली गोष्ट तिनं लगेच मान्य केली. दुसरी ऐकून विचारलं, "मग विळीवर कोण बसणार?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मला निवृत्त होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्याआधीचं सगळं आयुष्य सांगलीतल्या एका दैनिकाच्या संपादकीय विभागात गेलं. दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या कापायच्या आणि त्यांना मथळे द्यायचे, हे माझं काम. घरी भाजी कापायचं काम बायकोचं. ती नऊ डबे करायची. जवळच्या नर्सिंग कॉलेजच्या नऊ मुली सकाळी दहाच्या आत डबे घेऊन जायच्या. मुली बदलत, जुन्या जात, नव्या येत. आकडा नऊच राही, कारण आमच्या ओट्यावर एका वेळी नऊ डबेच मांडता येत.

ऑपरेशन गणपती उठल्यावर झालं. मुलींनी तात्पुरती एका खानावळीत सोय लावली. दिवाळीची सुट्टी संपवून त्या परत आल्या की कायमचं काय ते ठरणार होतं. खानावळवाल्याला पक्कं सांगायला हवं होतं, त्याचंही बरोबर होतं. म्हणजे बायकोच्या हातात दिवाळीपर्यंतचा वेळ होता. तोवर तिला उभ्यानं नऊ डब्यांची भाजी चिरता आली तर डबे राहणार. नाही तर जाणार.

"गेले तर गेले," मी म्हणालो. "आता आराम कर."

"डबे गेले की मी काय राहते मग? नुसती पेशंट."

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी प्लास्टिकची एक पांढरी फळी आणि दोन सुऱ्या आणल्या.

आठवडाभर मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो आणि पाहत राहिलो. पाहायची सवय होती, करण्याची नव्हती. चौथ्या दिवशी एक गोष्ट कळली. अडचण चिरण्याची नव्हती. अडचण चिरून झाल्यावर उरतं त्याची होती.

विळीची व्यवस्था पूर्वी अशी होती. जमिनीवर पेपर अंथरायचा. त्यावर विळी, विळीच्या पाटावर पाय. चिरलेली भाजी समोरच्या परातीत पडे आणि देठं, सालं, कीडकं पान बाजूला पेपरवर. काम संपलं की पेपरची चारही टोकं उचलून पुडी बांधायची. मागच्या दाराबाहेर कुंपण आणि कुंपणापलीकडे शेजारणीच्या दोन शेळ्या. पुडी तिकडे जाई. शेजारीण मूळची माण तालुक्यातली, मेंढरं पाळणाऱ्या घरातली. नवरा मुंबईला कामाला. गाव सोडलं तरी तिनं शेळ्या काही सोडल्या नव्हत्या. ती एकदा मला कुंपणावरून म्हणाली होती, "आवं काका, तुमचा पेपर लय चांगला हाय. देठं खाऊन झाली की शेळी पेपर बी खाती. कायबी मागं ठेवत न्हाई."

वाचकांच्या अशा प्रतिक्रिया आम्हाला कार्यालयात फारशा येत नसत.

ओट्यावर ही व्यवस्था मोडली. प्लास्टिकची फळी छोटी. दुधी सोलला की सालं फळीवर, फळीवरून ओट्यावर, ओट्यावरून सिंकमध्ये. सिंक तुंबायचं. सालं गोळा करून खालच्या बादलीत टाकायची म्हणजे वाकायचं, आणि नव्या गुडघ्यानं वाकणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम होता. एक हात ओट्यावर, एक कमरेवर, मग हळूहळू खाली. असं एका भाजीला सात-आठ वेळा. अर्धी भाजी होईपर्यंत ती खुर्चीवर बसायची आणि उरलेल्या भाजीकडे पाहत राहायची.

तेव्हा मी ठरवलं, फळी अशी हवी की कचरा आपोआप खाली जाईल. वाकायचं नाही, गोळा करायचं नाही.

कार्यालयातून आणलेला कोरा न्यूजप्रिंट घरात भरपूर होता. त्यावर पट्टीनं आकृती काढली. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद लाकडी फळी. ती ओट्याच्या कडेबाहेर वीतभर पुढे येणार. पुढे आलेल्या भागाच्या उजव्या कोपऱ्यात नारळाच्या वाटीएवढं भोक. भोकाखाली आकड्याला बादली टांगलेली. चिरायचं, उरलेलं सुरीच्या पाठीनं भोकात लोटायचं. बादली भरली की आकड्यावरून काढायची, शेजारणीला द्यायची. फळी घसरू नये म्हणून तिच्या खाली एक आडवी पट्टी, ती ओट्याच्या कडेला अडकणार. आकृतीला मी बाण काढले आणि बाणांना आकडे दिले.

कागद घेऊन एस.टी.नं पलूसला गेलो. तिथं माझा शाळेतला मित्र सुतारकाम करतो. दारं, खिडक्या, द्राक्षबागेच्या मालकांसाठी कपाटं. त्यानं कागद आडवा धरला, मग उभा धरला.

"काय रं, पेपर सुटल्यावर हे काढलंयस व्हय?"

"भाजी चिरायची फळी आहे."

"आणि हे भोक?"

"त्यातून कचरा खाली जातो."

"बायको काय म्हणाली?"

"तिला अजून दाखवलं नाही."

"हां," तो म्हणाला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. "लाकूड कुठलं?"

"सागवान."

"मुळा चिरायला सागवान? गड्या, पैसा वर आलाय का तुझा? चिंच घे. खाटकाच्या दुकानात जाऊन बघ, ओंडका कशाचा असतोय. चिंचेचाच. रोज घाव बसत्यात, तुकडा उडत न्हाई."

चिंचेचं लाकूड ठरलं. आठ दिवसांत फळी मिळाली. तिला त्यानं खोबरेल तेल चोळून दिलं होतं. भोकाच्या कडा इतक्या गुळगुळीत होत्या की बोट आपोआप फिरत राही. मी ती ओट्यावर लावली, आकड्याला बादली टांगली आणि बायकोसमोर एक दुधी सोलून दाखवला. आयुष्यातला पहिलाच. सालं भोकातून बादलीत पडली, एकही बाहेर नाही.

"छान आहे," बायको म्हणाली.

माझं काम संपलं असं मला वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर फळी उलटी लावलेली. भोक भिंतीकडे. खालच्या पट्टीमुळे ती ओट्यावर नीट बसत नव्हती, प्रत्येक घावाला खट्खट् हलत होती. देठं भोकातून ओट्यावरच पडत होती आणि बायको ती हातानं उचलून बाजूच्या पातेल्यात टाकत होती.

"हे असं का?"

"असंच बरं वाटतं."

"पण मग भोकाचा उपयोग काय?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली.

मी फळी पुन्हा सरळ केली. संध्याकाळी ती पुन्हा भिंतीकडे. माझ्या समजुतीनं याचं कारण एकच असू शकत होतं: भोक लहान पडलं. फ्लॉवरचा दांडा त्यातून जात नसणार. शिवाय फळी पुढे आल्यामुळे जोर दिला की उचलली जात असावी, म्हणून तिला भरवसा वाटत नसणार. दोन्ही दोष तांत्रिक होते. मी पुन्हा पलूसला गेलो.

पहिली फळी वाया जाऊ नये म्हणून साताऱ्याच्या बहिणीकडे पाठवली. दुसरीला भोक मोठं केलं, भोकाकडे जाणारा हलका उतार दिला आणि मुख्य म्हणजे खालून स्क्रूचा शिकंजा बसवला. ओट्याला फळी आवळून टाकायची. मित्रानं शिकंजा पिळून दाखवला आणि फळीच्या पुढे आलेल्या भागावर स्वतः बसला.

"आता हत्ती बशीव," तो म्हणाला. "काय व्हत न्हाई."

फळी ओट्याला पक्की झाली. तिला आता भिंतीकडे सरकवता येत नव्हतं. बायकोनं दोन वेळा प्रयत्न केला, ते मी पाहिलं. मग ती त्यावर चिरायला लागली.

पण कसं? डाव्या हातानं फळीची कड घट्ट धरून. उजव्या हातानं सुरी. दोडका धरायला तिसरा हात नव्हता, त्यामुळे दोडका फिरायचा. ती पोट फळीला टेकवून उभी राहायची, जणू फळी कुठं जाईल म्हणून अडवून धरलीय. भोकातून कचरा व्यवस्थित पडत होता. भाजी होत नव्हती. विळीवर जे काम अर्ध्या तासात व्हायचं, त्याला दीड तास लागला. मी घड्याळ लावलं होतं. तेवढंही तिला आवडलं नाही.

"फळी हलत नाही, धरू नकोस," मी म्हणालो.

"माहीत आहे हलत नाही."

"मग सोड की."

तिनं हात सोडला. चार घाव घातले. हात पुन्हा कडेवर गेला. तिनं स्वतः खाली पाहिलं आणि हात तिथं कसा आला, याचं तिलाच नवल वाटल्यासारखं दिसलं.

त्याच दुपारी शेजारीण रागानं कुंपणाशी आली. हातात बादली.

"आवं काकी, ह्यात रबर हायती! कोथमिरीच्या जुडीची. शेळीच्या पोटात गेली म्हंजी? आणि कांद्याची सालं नगं मला. दुधाला वास मारतो."

हेही खरं होतं. विळीवर बसलेली बायको पुडी बांधण्याआधी रबरं, दोरे, कांद्याची सालं वेगळी काढायची. ते तिच्या हाताला वळण होतं. आता एक हात फळी धरण्यात गुंतलेला, त्यामुळे जे येईल ते भोकात जात होतं. शेजारणीनं बादली कुंपणावर ठेवली आणि जाता जाता म्हणाली, "पेपर तरी बरा व्हता."

दिवाळी आठ दिवसांवर आली. त्या रात्री जेवणानंतर मी मोबाईलवर मुलींसाठी चार ओळींचा निरोप लिहिला. प्रकृतीच्या कारणास्तव डबे पुढे चालू ठेवणं शक्य होईलसं वाटत नाही, आपण आपली सोय करावी, क्षमस्व. निरोप पाठवण्याआधी बायकोला दाखवला. तिनं तो वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हे पाठवू नका."

"मग काय लिहू?"

"काहीच नको. भाऊबीज होऊ दे."

भाऊबीजेला काय होणार होतं, ते मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. तिला फक्त थोडे दिवस हवे होते.

भाऊबीजेला आम्ही कोयनानगरला गेलो. बायकोचं माहेर तिथलं. तिचे वडील धरणाच्या प्रकल्पावर होते, ती कॉलनीतच वाढली. मोठा भूकंप झाला त्यानंतरचा तिचा जन्म, तिनं तो पाहिलेला नाही. थोरला भाऊ पुढे त्याच प्रकल्पावर लागला आणि निवृत्त होऊन जवळच्या गावात घर बांधून राहिला. त्याचा मुलगा गाडी घेऊन सांगलीला आला होता. गाडीत बायकोनं पाय लांब करून घेतला आणि पाटण ओलांडल्यापासून न थांबता बोलत राहिली. कॉलनीतल्या कोणाचं काय झालं, कोण कुठं असतं. गाडी चालवणारा भाचा हसत होता. गेल्या दोन महिन्यांत ती एवढी बोलली नव्हती.

ओवाळणी झाली. जेवणाला वेळ होता. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि स्टीलचा पेला ओट्यावर ठेवला. तो मी नेहमी ठेवतो तसा, अगदी कडेला. घरीही मी चहाचा कप टेबलाच्या कडेलाच ठेवतो आणि थोड्या वेळानं तो मधोमध सरकलेला दिसतो. बायकोचा टापटिपीचा स्वभाव, अशी मी त्याची नोंद करून ठेवलेली होती.

मेहुण्याची बायको फोडणी देत होती. माझ्याशी बोलता बोलता, पेल्याकडे न पाहता, तिनं उलट्या हातानं तो आत सरकवला. वीतभर.

मी पाणी प्यायलो आणि पेला पुन्हा कडेला ठेवला. मुद्दाम नाही. सवयीनं.

मेहुणा फ्रिज उघडायला आला. जाताना पेला आत गेला. वीतभर.

आता मात्र मी मुद्दाम ठेवला. आणि दाराशी उभा राहिलो. मेहुण्याची नात, सहा वर्षांची, बेसनाचा लाडू घ्यायला आली. टाचा उंचावून तिनं डबा घेतला, लाडू काढला, झाकण लावलं, डबा मागे ढकलला आणि मग माझा पेलाही ढकलला.

"का गं ढकललास?"

"कडेला ठेवायचं नसतं आजोबा."

"का?"

"पडतं."

"कोण पाडतं?"

तिनं लाडवाचा घास घेतला आणि मला काहीच कसं माहीत नाही, अशा नजरेनं पाहिलं. "कुणी न्हाई. आपोआप."

मग मी ते स्वयंपाकघर नीट पाहिलं. मांडणीच्या प्रत्येक फळीला पुढून बोटभर उंचीची पट्टी होती. काचेच्या बरण्या सगळ्यात खाली. जड पातेली जमिनीलगत. ओट्यावर कडेपासून वीतभर जागा पूर्ण मोकळी, जणू कोणी रेघ मारून दिलेली. देवघरातली समईसुद्धा मागे सारलेली. आधी कॉलनीत आणि मग या घरात, मी त्यांच्याकडे लग्नापासून येत होतो. पस्तीस वर्षं.

"हे तुम्ही ठरवून करता का?" मी मेहुण्याला विचारलं.

"काय, दाजी?"

"भांडी आत सारता ते."

त्यानं ओट्याकडे पाहिलं. "आसं काय न्हाई. ठेवतोच आमी तिथं. आता बारकं धक्के कवातरी येत्यात. भांडी किणकिणत्यात, थांबत्यात. आमी उठत बी न्हाई." मग म्हणाला, "आईचं मात्र असायचं. भांडं कडंला दिसलं की फटका."

ते बारके धक्के मला चांगले माहीत होते. कामावर असताना त्यांच्या बातम्या माझ्याच हाताखालून जायच्या. कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, कोणतीही हानी नाही. दोन ओळी. जागा कमी असली तर एक. आतल्या पानावर, तळाशी, जिथं काहीतरी भरायचं असेल तिथं.

आणि मी त्या घरातल्या मुलीसाठी कडेच्या बाहेर वीतभर पुढे येणारी फळी बनवली होती. त्या पुढे आलेल्या भागाला बादली टांगली होती. ती फळी मागे सरकवत होती तेव्हा मी खालून शिकंजा लावला.

परतीच्या वाटेवर, कऱ्हाडच्या अलीकडे, मी तिला सांगितलं. पेल्याचं, मेहुण्याच्या नातीचं, वीतभर जागेचं.

"तू कधी बोलली नाहीस," मी म्हणालो.

"काय बोलायचं? मला तरी कुठं ठाऊक होतं?" ती म्हणाली. "मला वाटलं, मला सुरीच जमत नाही. उभ्यानं काम जमत नाही. वय झालं." मग बाहेर बघत म्हणाली, "तरी म्हणलं, तो हात तिथं जातो कशाला!"

पुढं भाचा जोरात हसला. मग तीही हसली. दुखऱ्या पायावर हात ठेवून, आवाज करून हसली.

"आई जाऊन इतकी वर्षं झाली," ती म्हणाली, "अजून फटका बसायची भीती."

मुली सोमवारी येणार होत्या. हातात चार दिवस. दुसऱ्याच सकाळी मी दुसरी फळी शिकंज्यासकट बगलेत मारून पलूसची एस.टी. पकडली. या वेळी न्यूजप्रिंट नेला नाही. बायकोनं मोजून दिलेला एक सुतळीचा तुकडा नेला. जमिनीपासून तिच्या मनगटापर्यंतची उंची. तो तिनं चपला घालून उभं राहून स्वतः मोजला होता. तिची दुसरी अट होती: एक खिळा हवा.

मित्राला सगळं सांगितलं. तो विडी विझवून ऐकत होता.

"म्हंजी कडंला नगं."

"कडेला नको."

"आणि भोक तर पायजे."

"पाहिजे."

"मग वट्टा सोड की," तो म्हणाला. "खाली पाय लाव. जमिनीवर हुबं केल्यालं पडतंय व्हय? फळीला चारी अंगानं पट्ट्या जोडू. कोपऱ्यातलं भोक आपोआप आत जाईल. कडंला रिंगण करू, मुठीएवढं उंच. बारकं टेबलच झालं म्हण की."

"बादली?"

"पायांच्या मधी एक फळी टाकू, गुडघ्याच्या वर. बादली तिच्यावर. टांगायची न्हाई. ठेवायची. वाकायचं बी न्हाई." त्यानं सुतळी लाकडाला लावून खूण केली आणि माझ्याकडे पाहिलं. "हे बायकूला आधी इचारलं असतंस, तर माझं दोनदा भोक पाडायचं वाचलं असतं."

"तिलाही माहीत नव्हतं."

"तुला पस्तीस वर्षांत दिसलं न्हाई. पेपरात कसा व्हतास रं तू?"

त्यानं रंधा घेतला.

शनिवारी संध्याकाळी त्याच्या मुलानं टेम्पोतून टेबल आणून दिलं. पलूसकडून कुठंतरी खतं टाकायला निघालेला टेम्पो, त्यात मागे पोत्यांवर आमचं टेबल. बायकोनं ते आधी चार वेळा पुसलं. मग स्वयंपाकघरात कुठं ठेवायचं हे ठरवलं. भिंतीला नाही, ओट्याला लागून नाही. मधोमध. त्यामुळे मला फ्रिजकडे जायला आता वळसा पडतो. उजव्या पायाला बाहेरून एक खिळा होता. रबरांसाठी, दोऱ्यांसाठी. कांद्याच्या सालांसाठी तिनं रिंगणाच्या आत एक जुनी वाटी ठेवली.

रविवारी तिनं तालीम केली. मी नव्हतो तिथं. मला बाहेरच्या खोलीत बसायला सांगण्यात आलं होतं, आणि घड्याळ घालायचं नाही असंही. आतून फक्त सुरीचा आवाज येत होता. सुरुवातीला थांबत थांबत, मग सलग. लाकडावर सुरीचा आवाज विळीपेक्षा जड असतो. एकदा तो बंद झाला आणि बराच वेळ बंद राहिला, तेव्हा मी उठून दारापर्यंत गेलो. ती दोन्ही हात मोकळे सोडून उभी होती, टेबलापासून एक पाऊल मागे, आणि घेवड्याच्या शेंगांच्या ढिगाकडे बघत होती. चिरून झालेल्या.

"सगळा झाला?"

"सगळा." मग म्हणाली, "एवढ्या लवकर झाला की आता काय करू हेच कळेना."

बादली तिनं स्वतः उचलली. न वाकता. मागच्या दारानं कुंपणापर्यंत गेली. शेजारीण शेळ्यांना पाणी पाजत होती. तिनं बादलीत हात घालून चाळून पाहिलं.

"रबर न्हाई?"

"नाही."

"कांदा?"

"नाही गं बाई."

"आता झ्याक." तिनं बादली शेळ्यांपुढं रिकामी केली. मग बादलीच्या तळाशी बघत म्हणाली, "काकी, पेपर?"

"आता पेपर लागत नाही. बादली आहे ना."

शेजारीण खट्टू झाली. "बघा आता. त्या काळीला पेपराची सवय लागली व्हती."

हे सगळं सुरळीत लिहिलं की असं वाटतं, मी एक चुकीची फळी केली आणि मग बरोबर केली. तसं नाही. साताऱ्याची बहीण पहिली फळी रोज वापरते. फळी तिच्या ओट्याच्या कडेबाहेर वीतभर पुढे असते, खाली बादली टांगलेली. फोनवर म्हणाली, "दादा, तुला एवढं डोकं आहे हे आईला माहीत नव्हतं." तिच्या शेजारच्या दोघींनी तशाच फळ्या करून मागितल्या, त्या पलूसहून गेल्याही. टेबल मात्र कुणी मागितलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना ते स्वयंपाकघराच्या मधे अडचण वाटतं. मेहुणा आला तेव्हा त्यानं मात्र टेबलाच्या रिंगणावरून हात फिरवला आणि मोबाईलमध्ये त्याचे चारी बाजूंनी फोटो काढून घेतले.

सोमवारी सकाळी साडेनवाला मुलींपैकी एक आली. नऊ जणींच्या वतीनं. ती चप्पल न काढता दारातच उभी राहिली, म्हणजे नकार ऐकायच्या तयारीनं आली होती. खानावळवाल्याला दुपारपर्यंत सांगायचं होतं.

"काकू, तुमची तब्येत... म्हणजे जमणार नसेल तर आम्ही..."

"आत ये," बायको म्हणाली. "चप्पल काढ."

मुलगी आत आली. ओट्यावर नऊ डबे मांडलेले होते. आठांची झाकणं लागली होती. नवव्यात बायको घेवड्याची भाजी भरत होती. सगळे डबे कडेपासून वीतभर आत.

मुलीनं ते पाहिलं, तोंडावर हात ठेवला, आणि लगेच फोन काढून खानावळवाल्याला लावला. दारातल्या खुर्चीवरून मला तिचं बोलणं ऐकू आलं. "नाही काका, आजपासून नाही. हो, नऊच्या नऊ."

बोलता बोलता तिनं खांद्यावरची पिशवी टेबलाच्या रिंगणावर टेकवली. बायकोनं डब्याचं झाकण लावलं आणि जाता जाता पिशवी आत सरकवली.